चौलच्या देवीची राहिलेली ओटी

रमाकांत चौलकर झाशी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं नोकरीला होते. १९२० साली लागले, १९५१ साली निवृत्त झाले. माझे वडील मधुसूदन त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत, म्हणून मी त्यांना काका म्हणत असे. ही हकिगत मला थोडी वडिलांनी सांगितली आणि बरीचशी स्वतः काकांनी, निवृत्तीनंतर. पण त्यांनी ती कधी सलग सांगितली नाही. दोन वाक्यं बोलून उठायचे, दाराशी जायचे, रस्त्यावर कोणी ओळखीचं दिसतंय का पाहायचे, परत येऊन तिसरंच वाक्य बोलायचे. नोकरीतही तसेच होते म्हणे. टेबलावर कमी आणि फलाटावर जास्त.

फलाटावर त्यांचं एक ठरलेलं काम असे, आणि ते रेल्वेचं नव्हतं. मुंबईकडून गाडी आली, की ते पार्सलच्या डब्यापाशी जाऊन पोत्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत. कानपूरला जाणारी सुपारी, सुके मासे, नारळ यांत कुठे कुलाबा जिल्ह्यातलं नाव दिसलं, तर त्या मालाबरोबर कोणी माणूस आहे का ते शोधत.

"कहाँ के हो भैया? रेवदंडा? अलिबाग? चौल कभी गये हो?"

माणूस मराठी निघाला तर त्याला चहा पाजत आणि गाडी सुटेपर्यंत चौल बंदराबद्दल विचारत. इराण-अरबस्तानातून घोडे यायचे म्हणतात ते खरं का? रेशमाचे माग कुठल्या आळीत होते? पोर्तुगीजांच्या कोटाची भिंत किती उंच होती? अशा बोलण्यातून आणि शाळेच्या ग्रंथालयातल्या पुस्तकांतून त्यांनी इतकं जमवलं होतं, की झाशीच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात दर वर्षी एक संध्याकाळ 'चौलकरांचं चौल' म्हणून राखलेली असे. दोन हजार वर्षांचं बंदर, तिथे उतरलेले परदेशी प्रवासी, निजामशाही, पोर्तुगीज, आंग्रे, सगळं ते हातवारे करत सांगत. शेवटी सांगत, की त्याच बंदरात आमचे पूर्वज जकातीच्या चौकीवर कारकून होते, तिथून सुभेदारांबरोबर बुंदेलखंडात आले, आणि आमची कुलदेवता म्हणजे चौलची शीतलादेवी, जिच्या देवळाच्या पायरीला समुद्र लागतो.

"आणि आमच्या रमाकांतनं त्या पायरीवर बसून समुद्रात पाय धुतले आहेत," असं त्यांच्या आई कुसुमावतीबाई बायकांच्या घोळक्यातून मोठ्यानं सांगत.

हे खोटं होतं. रमाकांतकाका चौलला कधी गेलेच नव्हते.

चौलकरांच्या घरात रीत होती, की नवी सून आली, की तिची पहिली ओटी चौलच्या देवीला जायची. झाशीहून चौल म्हणजे पूर्वी दोन-तीन महिन्यांची पायपीट. कुसुमावतीबाई लग्न होऊन आल्या तेव्हा झाशीला रेल्वेही नव्हती. त्यांची ओटी 'पुढच्या वर्षी, कोणी जाणारं मिळालं की' असं म्हणत राहून गेली ती छत्तीस वर्षं. मग मुलगा रेल्वेत लागला, त्याला पास मिळू लागला, आणि त्याचं लग्न झालं. १९२१ च्या मार्गशीर्षात कुसुमावतीबाईंनी दोन ओट्या बांधल्या. एक सून प्रमोदिनीची, एक स्वतःची. स्वतःच्या ओटीतला हिरवा खण त्यांनी लग्नातल्या सामानातून काढला होता. रमाकांतकाकांचे वडील केशवराव तेव्हा होते. त्यांनी मुलाला एवढंच सांगितलं, "तुझ्या आईचं मन तिथे अडकलंय. नीट ने."

काका मुंबईला उतरले, विचारत विचारत धक्क्यावर गेले. तोपर्यंत त्यांनी पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे झाशीचं लक्ष्मीताल, आणि पुलावरच्या गाडीतून दिसलेल्या नद्या. इथे धक्का आणि रेवदंड्याकडे जाणारी आगबोट यांच्यामध्ये एक फळी टाकलेली होती. फळीचं एक टोक स्थिर आणि दुसरं बोटीबरोबर वर-खाली. फटीतून काळं पाणी दिसत होतं. लोक डोक्यावर कोंबड्यांच्या टोपल्या घेऊन त्या फळीवरून बोलत बोलत चालले होते.

"मी एक पाय ठेवला," काका मला म्हणाले होते, "आणि फळी खाली गेली. मी तो पाय काढला. मग माझ्यानं पुन्हा ठेववेना."

बोट सुटली. दुसऱ्या दिवशीही ते धक्क्यावर गेले आणि दुसऱ्या दिवशीही बोट सुटताना पाहत उभे राहिले. मग स्टेशनकडे परत येताना वाटेत एका गल्लीत देवीचं छोटं देऊळ दिसलं. दोन्ही ओट्या तिथल्या गुरवाच्या हातात दिल्या, प्रसादाचा नारळ घेतला आणि परतीची गाडी पकडली.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "पायरीला समुद्र लागतो ना रे? आमच्या आजेसासूबाई सांगायच्या."

"हो," काका म्हणाले, "मी पाय धुतले."

कुसुमावतीबाईंनी त्या नारळाचा तुकडा डोळ्यांना लावून खाल्ला.

त्यानंतरच काकांचं ते फलाटावरचं विचारणं सुरू झालं. सुरुवातीला भीतीपोटी: कोणी काही विचारलं तर उत्तर हवं. पुढे त्याची गोडी लागली. पण त्यांनी जमवलं ते सगळं जुनं. चारशे वर्षांपूर्वी बंदरात किती गलबतं लागत ते त्यांना ठाऊक होतं. आज सकाळी तिथे काय आहे हे विचारायचं धाडस त्यांना झालं नाही, कारण ते तर त्यांनी पाहिलेलंच होतं ना! १९२९ साली केशवराव वारले. त्या वेळी तेराव्यापर्यंत काका घरात थांबले नाहीत, क्रियाकर्म आटोपलं की रोज लक्ष्मीतालाला फेऱ्या मारत राहिले. लोकांना वाटलं, बापाचं दुःख आहे. ते होतंच. पण त्यात दुसरंही काही होतं, आणि ते त्यांच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

१९३८ च्या चैत्रात गोदूबाई झाशीला आल्या.

त्यांचा मुलगा रामकृष्ण रेल्वेच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून नुकताच लागला होता. सुनेचे दिवस भरत आले होते. माहेरी कोणी नव्हतं, म्हणून सासूच बाळंतपणाला आली. नवरा मागे गावी, वाडी सांभाळायला. गाव चौल.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला चौलकरांकडे बायका जमल्या होत्या. कुसुमावतीबाई विधवा, म्हणून त्या आतल्या दाराशी बसून कैरीची डाळ आणि पन्हं पुढे करत होत्या. हळदीकुंकू प्रमोदिनी लावत होती. गोदूबाई चौलच्या आहेत हे कळताच कुसुमावतीबाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"खुद्द चौलच्या? अगं बाई! मग देवळाच्या पायरीशी तुम्ही रोज समुद्र बघत असाल."

"कुठल्या देवळाच्या?"

"शीतलादेवीच्या."

गोदूबाई हसल्या. "तिथे कुठला समुद्र? माझ्या सासऱ्यांच्या आज्यानंही पाहिला नसेल. गाळ भरून खाडी केव्हाच मागे गेली. आता नारळी-पोफळी आहेत चहूकडे. पूर्वी होता म्हणतात बाई."

"असं कसं? आमच्या रमाकांतनं पाय धुतलेत."

"पाटात धुतले असतील."

दोघी-तिघी फिसकन हसल्या. कुसुमावतीबाईंचा चेहरा उतरला नाही, उलट ताठ झाला. काका तेवढ्यात कामावरून परत आले होते आणि अंगणात चपला काढत होते. आईनं तिथूनच हाक मारली.

"रमाकांत! ह्या बाई म्हणतात, देवळाशी समुद्र नाही. सांग त्यांना."

पंधरा-वीस बायका, सगळ्यांचे चेहरे दाराकडे. काका म्हणाले, "उधाणाची भरती होती त्या दिवशी. भरतीला येतं पाणी तिथवर."

गोदूबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "असेल हो. मी काय, चाळीसच वर्षं राहतेय तिथे."

त्या डाळ न खाता उठल्या.

तिथे प्रकरण संपलं असतं, पण कुसुमावतीबाईंनी ते संपू दिलं नाही. देवीच्या पायरीवरून आपल्या घराची थट्टा झाली, हे त्यांना सहन होईना. मानिक चौकापासून रेल्वे कॉलनीपर्यंत जिथे मराठी घर असेल तिथे त्यांनी सांगितलं, की ती बाई चौलची नाहीच. कुठली तरी घाटावरची असेल, मोठेपणा मिरवायला चौलचं नाव सांगते. झाशीत मराठी घरं मोजकी. एकदा शब्द फिरला, की सगळीकडे पोचतो.

वैशाखात रामकृष्णाला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं झालं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या वडिलांनी काकांना सांगितलं, "चौलकर, काल त्या रामकृष्णाकडे चारच बायका. आमच्या हिलाच दोनदा कुर्र करावं लागलं. म्हातारी पाळण्याशी उभी राहून दाराकडे बघत होती. काय भानगड आहे तुमच्या आईची?"

काका उठले. त्या दिवशी ते फलाट एकच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले, पुन्हा गेले. एक मालगाडी त्यांच्या सहीसाठी पंचवीस मिनिटं अडकून राहिली. वडील सही घेण्यासाठी मागे धावले, तेव्हा काका म्हणाले, "मधुसूदन, मी चौलला गेलेलो नाही."

वडिलांना वाटलं, थट्टा करतायत. मग काकांचा चेहरा पाहून ते म्हणाले, "आधी सही करा. आणि मग हे मला नको, जिला सांगायला पाहिजे तिला सांगा."

संध्याकाळी काका रामकृष्णाच्या क्वार्टरवर गेले. गोदूबाई बाहेर लंगोट वाळत घालत होत्या. त्यांनी बसा म्हटलं नाही.

"मी खोटं बोललो," काका म्हणाले.

"ते मला तेव्हाच कळलं. पाटात सुद्धा धुतले नाहीत ना पाय?"

"नाही."

"मग ओट्या? तुमच्या आई सांगत होत्या, दोन ओट्या पाठवल्या."

"मुंबईत एका देवळात दिल्या."

"कोणत्या देवीच्या?"

काकांनी मान खाली घातली. "विचारलं नाही."

गोदूबाईंनी हातातला लंगोट झटकला. "धन्य आहे! देवीचं नाव तरी विचारायचं." मग तो दोरीवर टाकत त्या म्हणाल्या, "मला माफी नको तुमची. पावसाळा संपला की मी गावी जाईन. पण माझी सून इथेच राहणार आहे. तिच्या दारात बायका यायला हव्यात. ते करा."

"आणि ओटी?"

"ती तुमची आई ठरवेल. पण आता जाता येणार नाही. पावसाळ्यात बोटी बंद. मार्गशीर्षात या. आमच्या ह्यांचं नाव सांगितलं, की रेवदंड्याचा कोणीही गाडीवान आणून सोडेल."

ओटी आईच्या हातानंच बांधली जायची. तिला सांगितल्याशिवाय काहीच होणार नव्हतं. तरी काका तीन दिवस घरात नुसते या खोलीतून त्या खोलीत फिरले. चौथ्या दिवशी दुपारी कुसुमावतीबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. काका उभ्यानंच बोलले, एका दमात. धक्का, फळी, गल्लीतलं देऊळ, सगळं.

कुसुमावतीबाईंचा हात तांदळात थांबला.

"दोन्ही?"

"दोन्ही."

"प्रमोदिनीची आजही भरता येईल," त्या म्हणाल्या. "माझी कशी भरणार? तेव्हा मी सवाष्ण होते, रमाकांत."

काका सांगायचे, की आई ओरडली असती तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. तांदूळ निवडून झाल्यावर उठल्या, आणि तीन दिवस मुलाशी बोलल्या नाहीत. जेवताना सुनेला सांगत, "त्यांना म्हणावं, आमटी निवतेय."

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी टांगा बोलावला. प्रमोदिनीला शेजारी बसवलं. टांगेवाल्याला म्हणाल्या, "भैया, मैं जहाँ बोलूँगी वहाँ रोकना." पहिलं घर मानिक चौकाच्या मागच्या गल्लीतलं. कुसुमावतीबाई टांग्यातून उतरल्या नाहीत. घरातली बाई दाराशी आली तशी त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "चौलच्या देवळाशी समुद्र नाही. माझा मुलगा गेलाच नव्हता. गोदूबाई खरं बोलत होत्या. येते मी."

"अहो, पण झालं काय? आत तरी या."

"सहा घरं राहिलीत."

सातही घरांत तीच चार वाक्यं. आठवा मुक्काम रामकृष्णाचं क्वार्टर. तिथे मात्र त्या उतरल्या. दारातच म्हणाल्या, "गोदूबाई, मी तुम्हाला खोटं पाडलं. बाळंतिणीला तेल-पाणी करायला उद्यापासून ही येईल," आणि प्रमोदिनीला पुढे केलं. गोदूबाईंनी विचारलं, "आणि तुम्ही?" कुसुमावतीबाई म्हणाल्या, "मला तुम्ही बोलावलं तर मीही येईन." पुढच्या आठवड्यात त्या दोघी शेजारी बसून शेवया वळताना माझ्या आईनं पाहिल्या होत्या.

मार्गशीर्ष यायला सहा महिने होते. काकांनी ते कसे काढले ते वडील सांगत. ते पास काढण्यासाठी अर्ज करत आणि मागे घेत, पुन्हा करत. गणेशोत्सवात त्यांची संध्याकाळ आली तेव्हा मंडळींनी पाहुणा म्हणून कीर्तनकार बोलावला होता. काका मागच्या रांगेत उभे राहिले आणि अर्ध्यातून निघून गेले. मुंबईची गाडी आली तरी आता ते पोत्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत नसत. उलट, कोकणातला माल उतरायला लागला, की दुसऱ्या फलाटावर जात.

कार्तिक संपता संपता कुसुमावतीबाई म्हणाल्या, "पास तिघांचा काढ."

"आई, तुझ्यानं झेपेल?"

"तुला एकट्याला पाठवून पाहिलं आहे."

मुंबईच्या धक्क्यावर तीच फळी होती. निदान काकांना ती तीच वाटली. एक टोक स्थिर, एक वर-खाली. प्रमोदिनी सासूचा हात धरून पुढे गेली. पासष्ट वर्षांची ती बाई, आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहत होती. तिनं पदर खोचला, एकदा खाली पाण्याकडे पाहिलं आणि चार पावलांत पलीकडे गेली. काका धक्क्यावरच. बोटीची शिट्टी झाली. त्यांना वाटलं, आई मागे वळून हाक मारेल. तिनं वळूनही पाहिलं नाही. खलाशी फळी ओढायला वाकला.

"त्यानं फळी उचललीच होती," काका म्हणाले होते, "तेव्हा मी धावलो. कसा पोचलो ते मला ठाऊक नाही. दोराच्या वेटोळ्यावर बसलो आणि रेवदंडा येईपर्यंत तो दोर सोडला नाही. ओकलो दोनदा."

रेवदंड्याला गोदूबाईंचे यजमान स्वतः बैलगाडी घेऊन आले होते. गाडी पोफळींच्या सावलीतून निघाली. दोन्ही बाजूंना पाटांतून पाणी खेळत होतं, रहाट कुरकुरत होते. काकांनी पाठ केलेल्या चौलमधली एकही गोष्ट दिसेना. कुठे तरी झाडीत एखादी पडकी भिंत, एखादा तलाव. बंदर म्हणावं असं काहीच नाही. ते सारखे गाडीतून उतरत होते, थोडं चालत होते, पुन्हा चढत होते.

देवळाच्या पायऱ्या कोरड्या होत्या. पाचोळ्याचा ढीग एका बाजूला झाडून ठेवलेला.

प्रमोदिनीची ओटी भरून झाली. पुजाऱ्यांनी प्रसाद दिला. मग कुसुमावतीबाईंनी काखेतल्या पिशवीतून दुसरा खण काढला. हिरवाच. नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. त्या गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेल्या. पुजाऱ्यांनी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं.

"आजी, ती सूनबाईंच्या हाती द्या. त्या भरतील."

"ही सुनेची नाही. माझी आहे."

"पण तुम्ही..."

"ही ओटी सतरा वर्षांपूर्वीची आहे," कुसुमावतीबाई म्हणाल्या. "तेव्हा मी सवाष्ण होते. घरून निघाली होती, इथे पोचली नाही. ह्याला विचारा."

पुजारी काकांकडे वळले. सभामंडपात गोदूबाईंचे यजमान होते, गावातले दोघे-तिघे होते. काकांनी मला सांगितलं, की त्या क्षणी पुन्हा एकदा काही तरी सोपं बोलून मोकळं व्हावं असं त्यांच्या मनात आलं. गर्दीत हरवली, चोरीला गेली, असं काही. सतरा वर्षांची सवय.

"माझ्या हाती दिली होती," ते म्हणाले. "वडील तेव्हा हयात होते. मी बोटीला भ्यालो. ओटी दुसरीकडेच टाकली आणि घरी येऊन पोचवली म्हणून सांगितलं. चूक माझी आहे, तिची नाही."

समईच्या वाती सारख्या करायच्या म्हणून पुजारी पाठ करून वळले, आणि पाचही वाती सारख्या झाल्या तरी वळले नाहीत. कुसुमावतीबाईंनी उंबरा ओलांडला नाही. उंबऱ्याच्या आत हात घालून खण ठेवला, त्यावर नारळ, मग पाच वेळा ओंजळीनं तांदूळ. पाचव्या ओंजळीतले काही तांदूळ बाहेर सांडले. प्रमोदिनी ते वेचायला वाकली तर त्या म्हणाल्या, "राहू दे."

बाहेर येऊन त्या सर्वांत खालच्या पायरीवर बसल्या. समोर पोफळी, त्यांच्यापलीकडे पुन्हा पोफळी. मग सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मुलाला स्वतःहून काही विचारलं.

"इथवर होता म्हणतात. मग गेला कुठे?"

काकांना हे माहीत होतं. निदान उन्हाळ्यापासून माहीत होतं. ते भराभरा सांगू लागले, की डोंगरावरचा गाळ नदीबरोबर खाली येतो, खाडीचं तोंड उथळ होतं, मोठी गलबतं यायची थांबतात, मग व्यापारी दुसऱ्या बंदराकडे जातात, मागे शेतं होतात...

"तू पाहिलंयस ते?" आईनं मध्येच विचारलं.

काका थांबले. "नाही."

"मग ऊठ," त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात देऊन स्वतः आधी उठल्या. गोदूबाईंच्या यजमानांना त्यांनी खाडीची वाट विचारली. ते म्हणाले, लांब आहे, गाडी जोडतो. त्यांनी नको म्हटलं. चपला हातात घेतल्या आणि पाटाच्या कडेनं त्या चालू लागल्या, आणि त्यांच्या मागे, त्यांच्याच वेगानं, रमाकांतकाका.